समोरच्याचा विमा

"जुळे आहात का?" त्या पोरीनं विचारलं.

आयर्लंड देशातलं कॉर्क नावाचं गाव. विमानतळाच्या बाहेर, पेट्रोल पंपाच्या मागं, भाड्यानं गाड्या देणारं छोटंसं ऑफिस. काउंटरच्या पलीकडं तांबड्या केसांची पोरगी, तिच्या हातात आमचे दोन पासपोर्ट. एकदा माझ्याकडं बघायची, एकदा आप्पाकडं. मी म्हणलं, नो, नो. तर तिनं दोन्ही पासपोर्ट आमच्याकडं फिरवले आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं. माझी एक जून. माझ्या थोरल्या भावाची, आप्पाची, पण एक जून.

आता हिला कसं समजवायचं? आमच्या गावात शाळेत नाव घालायला गेलं की मास्तर डोळे झाकून एक जून टाकायचे, आणि वर्ष अंदाजानं. आमच्या घरात म्हैस सोडली तर सगळ्यांचा वाढदिवस एक जूनला. माझं इंग्रजी महाबळेश्वरातलं. पॉइंट दाखवायला टॅक्सी चालवली आयुष्यभर, त्यात जेवढं चिकटलं तेवढं. दिस साइड व्हॅली, दॅट साइड सनसेट, मंकीला खायला देऊ नका. त्यात एक जूनची भानगड बसत नव्हती.

पण पोरीचं बोट आता तारखेवरनं वर्षावर सरकलं होतं. तिनं मान हलवली.

"काय म्हणती?" आप्पानं विचारलं.

"म्हणती तू म्हातारा झालास."

"तिला म्हणावं, तू पण व्हशील."

"पंचाहत्तरच्या पुढच्या माणसाला गाडी देत न्हाईत हे लोक. विमेवाले घेत न्हाईत."

आप्पा कागदावर शहात्तर होता. खरा बहात्तर. तरुणपणी हेवी लायसन्स लवकर मिळावं म्हणून आमच्या बापानं मास्तरांना एक कोंबडा दिला आणि दाखल्यावर चार वर्षं वाढवून घेतली. त्या चार वर्षांच्या जोरावर आप्पा एसटीत लवकर ड्रायव्हर झाला आणि त्याच चार वर्षांपायी लवकर रिटायर झाला. तो कोंबडा आता आयर्लंडात येऊन आरवला.

"गाडी तुम्ही चालवा," पोरगी मला म्हणाली. हळूहळू बोलत होती, मला समजावं म्हणून. "पण हे चाकावर बसले तर विमा संपला. गाडीचा नाही, तुमचा नाही. समोरच्याचं काही झालं तर तेसुद्धा तुमच्या अंगावर. समजलं?"

"तिला सांग," आप्पा म्हणाला, "आंबेनळी घाटातनं लाल गाडी नेलीया सारी उमर. आत बसलेलं एक माणूस खरचटलं न्हाय कधी. सांग."

मी ते सांगितलं नाही. मी म्हणलं, समजलं, आणि सही केली.

आम्ही फिरायला आलो नव्हतो. आप्पाचा पोरगा धैर्यशील याच कॉर्कात कंप्युटरच्या नोकरीला होता. तीन पोरींच्या पाठीवर झालेलं ते पोरगं. एका सुट्टीला भाड्याची गाडी घेऊन समुद्राकडं निघाला आणि एका वळणावर दुधाच्या टँकरशी समोरासमोर धडकला. पोलिसांनी लिहून कळवलं, पोरगा रस्त्याच्या मधनं येत होता, टँकरवाला त्याच्या बाजूनं बरोबर होता. पेटी विमानानं आली. गावी नेऊन जाळलं.

शेवंता वहिनी, म्हणजे आप्पाची बायको, तेरावं होईपर्यंत शब्द बोलली नाही. पाहुणे गेले, भांडी घासून झाली, मग पदराला हात पुसत आप्पासमोर येऊन उभी राहिली. मी होतो तिथं. म्हणाली, "गाडी तुम्ही शिकवलीत त्याला. मी नको म्हणत हुते. आता जावा, आन् बघून या काय शिकवायचं राह्यलं व्हतं ते."

सात-आठ महिने आप्पा ओसरीवर नुसता बसून राहिला. मग एक दिवस मला म्हणाला, "किसन, तुला इंग्रजी येतं. चल."

विम्याचं मला धैर्यशीलनंच शिकवलेलं होतं. मी त्याचा नाना. गाड्यांचा धंदा माझा, म्हणून फोनवर मी त्याला खोदून खोदून विचारायचो, तिकडं भाडं कसं लावतात, डिपॉझिट किती. तो म्हणायचा, "नाना, गाडी स्वस्तातली बघायची, विमा स्वस्तातला बघायचा न्हाय. विमानतळाच्या आतल्या काउंटरला जायचं न्हाय, बाहेरच्याकडं जायचं, निम्म्यात काम होतं. नेटवर लई स्वस्त दिसली की समजायचं, विमा अर्धा हाय. काच, टायर, गाडीचं पोट, एवढं त्यात धरलंय का इचारायचं. टाकी भरून घ्यायची, भरून द्यायची. आन् ताब्यात घेताना चारी बाजूनं फोटो काढायचे, न्हाईतर जुना ओरखडा तुझ्या गळ्यात पडतो."

तसंच केलं मी. पूर्ण विमा घेतला. पावसाची भुरभुर चालली होती, त्यात त्या चिमुकल्या निळ्या गाडीभोवती वाकून वाकून फोटो काढले. दाराखाली एक ओरखडा होता, तो दोनदा काढला.

आप्पा टोपी डोळ्यावर ओढून उभा होता. "हे कुणी शिकवलं तुला?"

"असंच," मी म्हणलं. "धंद्यात कळतं."

तिकडं पण आपल्यासारखं डावीकडनंच चालतं, एवढं एक बरं होतं. पण मोठा रस्ता सोडला आणि रस्ता असा बारीक होत गेला की बास. दोन्ही अंगाला दगडाचे गडगे, त्यावर झुडपं, पुढचं काही दिसायचं नाही. आभाळ कांबळ्यासारखं खाली आलेलं. मी चालवतोय, आणि शेजारी आप्पाचा पाय आपोआप दाबतोय. त्याच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी दाबतोय.

"ह्यो रस्ता हाय का पायवाट?" तो म्हणाला.

"रस्ता हाय. पाटी हाय बघ."

"दाब कमी कर. दुसऱ्या गिअरात घे."

"दुसऱ्यातच हाय."

"मग पहिल्यात घे."

"आप्पा, मी पण गाडीच चालवत आलोय, बैलगाडी न्हवं."

समोरनं गाडी आली की समोरचा थांबायचा, आम्हाला जागा द्यायचा, आणि जाताना स्टिअरिंगवरनं एक बोट उचलायचा. जो आला तो बोट उचलायचा.

"वळखत्यात व्हय तुला?"

"न्हाय. रीत असंल इथली. रामराम घालत्यात."

आप्पानं काच जरा खाली केली. मग म्हणाला, "किसन, विमान उतरल्यापास्नं मी येक हॉर्न ऐकला न्हाय. मुक्या हायत का गाड्या?"

माझ्या पण तेव्हा ध्यानात आलं. खरंच ऐकला नव्हता.

मग आप्पानं तोंड उघडलं. घर सोडल्यापासून जे पोटात होतं ते सांगितलं. "मला त्या टँकरवाल्याला येकच इचारायचंय. पोरानं वळणावर हॉर्न दिला व्हता का."

घाटातल्या ड्रायव्हरचा नियम आहे. आंधळं वळण आलं की अलीकडनंच लांब हॉर्न द्यायचा. समोरचा ऐकतो आणि वळणापलीकडं थांबतो. मग आपण रस्त्याच्या मधे येऊन, सगळा रस्ता अंगावर घेऊन, गाडी वळवायची. एसटीचं लांब धूड असंच वळतं, नाहीतर मागचं चाक दरीत. आप्पानं धैर्यशीलला जुन्या जीपवर हेच शिकवलं. हॉर्नला उशीर झाला की मागनं टाळक्यात टपली. पोरगं म्हणायचं, आप्पा, माझं डोकं हाय, हॉर्नचं बटण न्हाय.

"दिला असंल," आप्पा म्हणाला, "तर पोरगं बरोबर व्हतं. मी शिकवलेलं बरोबर व्हतं. मग कागदावर कुणी काय बी लिवूदे. आन् दिला नसंल, तर माझंच कायतरी कच्चं राह्यलं. शेवंताला तसं सांगंन."

मी गिअर बदलला. समोर बघत राहिलो.

ते वळण आलं ते मला पाटीवरनं नाही, गडग्यावरनं कळलं. सगळा गडगा शेवाळानं काळा-हिरवा, आणि मधेच चार हात नवीन दगड, पांढरे. मी गाडी थांबवली नाही. आप्पानं मान वळवून ते दगड बघितले, आणि गाडी पुढं गेली तरी मान तशीच.

टँकरवाल्याचं नाव टॉम. पोराच्या खोलीवर राहणाऱ्या दोस्ताच्या पत्त्यावर त्यानं दुःखाचं एक कार्ड पाठवलं होतं, खाली स्वतःचा पत्ता घालून. दोस्तानं फोन करून आम्ही येतोय म्हणून कळवलं होतं. वळणाच्या वर, हाकेच्या अंतरावर त्याचं घर. दारातच उभा होता. साठीचा, थोराड गडी, हात फावड्यासारखे. स्वच्छ शर्ट घातला होता, वरचं बटण लावलेलं, जसं काय कोर्टात उभं राहायचंय.

आप्पानं हात जोडले. त्यानं पण जोडले, उलटेसुलटे, त्याला जमले तसे.

स्वयंपाकघरात बसवलं. चहा होता, केक होता. बायको दोन वर्षांपूर्वी वारली म्हणाला, म्हणून केक दुकानातला. मी खाल्ला. आप्पा बसेचना.

"इचार," म्हणाला.

मी विचारलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत. माझा भाऊ विचारतोय, त्याच्या पोरानं हॉर्न वाजवला का.

टॉमनं कप खाली ठेवला. "वाजवला," तो म्हणाला. "लांब वाजवला."

"काय म्हणतो?"

"दिला होता म्हणतो. लांब दिला."

आप्पानं डोळे मिटले. मग खुर्ची ओढली आणि बसला. इतक्या महिन्यांनी मी त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं बघितलं. चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

पण टॉमचं संपलं नव्हतं. तो हळूहळू बोलत राहिला, आणि मला सगळं कळत होतं. देवाशप्पथ सांगतो, त्या दिवशी मला कळायला नको होतं. तो म्हणाला, "इकडं हॉर्न वाजवत नाही कोणी. भांडण झालं तर वाजवतात, नाहीतर ओळखीचा दिसला तर. मला वाटलं कोणी शेजारी आहे, मला रामराम घालतोय. मी हात वर केला." आणि त्यानं तिथं, स्वयंपाकघरात, उजवा हात वर करून दाखवला. "हात वर केला आणि वळलो, आणि तो माझ्या पुढ्यात होता. मधोमध. जोरात. जसं काय त्याला खात्रीच होती की समोर कोणी नाही."

"काय म्हणतो?" आप्पानं विचारलं.

"म्हणतो लई वाईट वाटलं."

टॉम माझ्याकडंच बघत होता, मी सगळं पोचवतोय या भरवशानं. म्हणाला, "अँब्युलन्सला वेळ लागला. तो बोलत होता, त्याच्या भाषेत. मला एक अक्षर कळलं नाही. मी त्याचा हात धरून बसलो. नुसता येस, येस म्हणत बसलो. दुसरं काय म्हणणार?" डाव्या हाताचा पंजा त्यानं उजव्या मुठीत घेतला आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ धरून ठेवला.

"आता काय म्हणतो?"

"म्हणतो त्या दिवसापास्नं टँकर सोडला. पुन्हा चाकावर बसला न्हाय."

हे पण खरंच होतं. ते त्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं, दारात.

आप्पा टॉमच्या हातांकडं बघत होता. ड्रायव्हर माणूस. त्याची उमर लोकांचे हात बघण्यात गेलेली, कोण हात दाखवतो, कोण थांब म्हणतो, कोण जा म्हणतो. पण तोंडानं तो एवढंच बोलला, "मग पोराची चूक न्हाय."

"न्हाय," मी म्हणलं.

"चावी दे."

"कशाला?"

"मला त्या वळणावरनं जायचंय. पोरगं आलं त्या अंगानं."

"आप्पा, ऐकलंस ना ती पोरगी काय म्हणाली? तुझा विमा न्हाय. आता समोरनं आला एखादा, काय झालं त्याचं, तर? त्याच्या घरी पण आई असंल."

"मी कुणाला लावणार न्हाय."

"धैर्या तरी लावणार होता का?"

बोलून गेलो. जीभ चावली, पण गेलेलं गेलं. आप्पा मला मारणार असं वाटलं. लहानपणी मारायचा. पण तो खाली बसूनच राहिला, आणि हात पुढं पसरलेला तसाच, चावीसाठी.

टॉमनं विचारलं, काय पाहिजे यांना? मी सांगितलं. मला वाटलं तो तरी नको म्हणेल. त्यानं खिडकीतनं रस्त्याकडं बघितलं, मग उठला, खुंटीवरचं पिवळं चमकतं जाकीट घातलं आणि म्हणाला, "मी वरच्या अंगाला उभा राहतो. कोणाला येऊ देणार नाही."

मग मी चावी दिली.

वळणाच्या खालच्या मोकळ्या जागेत नेऊन मी गाडी वळवली आणि आप्पा चाकावर बसला. सीट पुढं घेतली, आरसा नीट केला, स्टिअरिंगला हात लावून हात कपाळाला लावला. तेवढ्या इवल्याशा गाडीत तो असा बसला होता, जसं काय मागं पन्नास माणसं आहेत. मी पट्टा बांधला आणि देवाचं नाव घेतलं.

निघाला. दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. हात सुंदर होता अजून, मी खोटं बोलणार नाही. वळण जवळ आलं तसा त्यानं लांब हॉर्न दिला. त्या गप्प मुलखात तो हॉर्न असा वाजला की झुडपातली पाखरं उडाली. आणि गाडी मधे घेतली, सगळा रस्ता अंगावर घेतला, बेधडक, जसा आंबेनळीत घ्यायचा.

वळलो आणि त्यानं करकचून ब्रेक मारला.

समोर रस्ता मोकळा होता. टॉम कडेला उभा होता, वरच्या गाड्या अडवायला हात आडवा करून. तो उभा होता एवढंच मी बघितलं, कारण पुढच्याच क्षणी तो मटकन खाली बसला. ओल्या गवतात. दोन्ही कानांवर हात दाबून.

गाडी मधोमध उभी. उजव्या हाताला ते पांढरे दगड.

"तो का बसला?" आप्पानं विचारलं.

"म्हातारा हाय. दमला असंल."

"माझ्यापरास ल्हान हाय."

इंजिन चालू होतं. आप्पा एकदा टॉमकडं बघायचा, एकदा दगडांकडं, एकदा गाडीच्या नाकासमोरच्या रस्त्याकडं. तिथं टँकर असता तर कुठं जाणार होतो आम्ही? जागाच नव्हती. मला वाटलं आता काहीतरी बोलावं, पण त्यानं रिव्हर्स टाकला. मागं मागं घेत परत खाली, जिथनं निघालो तिथं.

"आप्पा, बास आता."

"येकदा."

आता तो निघाला तो चालत्या माणसाच्या वेगानं. डाव्या गडग्याला इतका चिकटून की झुडपाच्या फांद्या माझ्या काचेला घासत होत्या. मला धैर्यशीलचं आठवलं, आणि म्हणलं मरूदे ओरखडा. वळण आलं. आप्पाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, कुठला हात हलला नाही, काही वाजलं नाही. गाडी गपचूप वळली. उजवीकडं एवढी जागा राहिली की दुधाचा टँकर काय, आमची लाल गाडी आरामात गेली असती.

आप्पानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"येवढंच व्हतं," तो म्हणाला.

त्यानं चावी काढून माझ्या हातात दिली.

"येवढंच व्हतं, किसन. हळू यायचं आन् डावी सोडायची न्हाय. शेंबडं पोर करंल." मग मागं वळून त्या दगडांकडं बघत, "त्याला हॉर्नचा भरवसा व्हता. माझ्यामुळं."

तो उतरला. टॉम अजून गवतातच होता. आप्पा जाऊन त्याच्या शेजारी बसला, ओल्यातच. दोघं म्हातारे रस्त्याकडं तोंड करून. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी येत नाही, आणि ज्याला दोन्ही थोडं थोडं येतं तो मी गाडीपाशी उभा, काय करावं न कळून. एक बाई गाडी घेऊन आली, तिनं त्यांच्याकडं बघितलं, गाडी थांबवली, आणि काही न विचारता तशीच थांबून राहिली.

परतीच्या वाटेवर मीच चालवलं. कॉर्क जवळ आलं तेव्हा आप्पानं विचारलं, "हात किती येळ धरला व्हता त्यानं?"

"कसला हात?"

"पोराचा."

"इंग्रजी नीट कळलं न्हाय मला," मी म्हणलं.

"बरं," आप्पा म्हणाला.

गावी पोचलो तेव्हा दुपार होती. वहिनी मागच्या दारी शेंगा फोडत बसली होती. उठली नाही. आप्पा हातपाय धुऊन तिच्यासमोर उंबऱ्यावर बसला. मी पाठीमागं. सगळ्या वाटेत मी मनाशी घोकत आलो होतो, वहिनीला काय सांगायचं. पोरानं हॉर्न दिला, पोरगं बरोबर होतं, रस्ताच वाईट होता. एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं.

"बघितलंत?" वहिनीनं विचारलं.

"वहिनी, तो टँकरवाला म्हणाला..."

"तू गप रं," आप्पा म्हणाला. मग तिला म्हणाला, "बघितलं. त्यानं हॉर्न दिला. मी शिकवला तसा, लांब. आन् मी शिकवलं तसा मधनं आला. तिकडं हॉर्नला कुणी थांबत न्हाय, शेवंता. समोरच्याला वाटलं कुणी वळखीचं हाय, त्यानं हात केला. मला हे ठावं नव्हतं. मी जे शिकवलं त्येच त्यानं केलं, आन् त्यानंच गेला. राह्यलं काय न्हाय शिकवायचं. जास्त शिकवलं."

हे त्याला कुठनं कळलं, मी त्याला हे सांगितलं नव्हतं. मग मला टॉमचा वर केलेला हात आठवला, आणि वाटेत स्टिअरिंगवरनं उचललेली बोटं.

वहिनी शेंगा फोडायची थांबली. आता ही ओरडणार, छाती बडवणार, याला घराबाहेर काढणार, असं मला वाटलं. तिनं सुपातली टरफलं बोटानं एका बाजूला केली, दाणे एका बाजूला केले. ते परत एकत्र झाले, तिनं परत केले.

"लई लागलं असंल का हो त्याला?" तिनं विचारलं.

चूक कोणाची, हे तिला आता नको होतं. कधीचं नको होतं, कोण जाणे.

"न्हाय," आप्पा म्हणाला. जराही थांबला नाही. "जागच्या जागी. त्याला कळलं बी न्हाय."

वहिनी त्याच्याकडं बघत राहिली. नवऱ्याचं खोटं बायकोला कळतं, आणि आप्पा तर खोट्यात पहिल्यापासून कच्चा. त्यानं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. असं त्यानं मला लहानपणापासून कधी बघितलं नव्हतं. कधी काही मागितलंच नव्हतं त्यानं माझ्याकडं.

"मला कुठं येतंय इंग्रजी," तो तिला म्हणाला. "किसननंच इचारलं त्या माणसाला. इचार त्याला."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं.

"व्हय वहिनी," मी म्हणलं. "तसंच म्हणाला तो."